अष्टमीचे वडे

अण्णा, यंदा तुमचं श्राद्ध मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा चुकलं. पहिल्यांदा दिवस चुकला, दुसऱ्यांदा बाकीचं सगळं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून म्हटलं नीट बसून कबूल करावं. पण कागद पुढे घेतला आणि आधी धाकच वाटला. मी लखनौला बी.एड. करत होते तेव्हा घरी लिहिलेली माझी पत्रं तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवायचात. 'हे हिंदी झालं', 'असं आपण म्हणत नाही', आणि शेवटी एका ओळीत 'बाकी इकडे सर्व खुशाल'. होस्टेलमधल्या मुलींना वाटायचं, माझे वडील मास्तर आहेत. मास्तरीण पुढे मीच झाले. तुम्ही निवृत्त होईपर्यंत इथे झाशीत कालव्यांच्या ऑफिसात नकाशे काढत राहिलात.

त्या ऑफिसात मी शनिवारी तुमचा डबा घेऊन यायची. उंच स्टूल, तिरकं टेबल, आणि त्यावर वाकलेले तुम्ही. बेतवा नदीचं वळण काढताना तुम्ही श्वास धरून ठेवायचात, तो सुटेपर्यंत मी दारातच उभी राहायची. अख्ख्या हिंदुस्थानच्या नद्या तुम्हाला पाठ होत्या आणि स्वतः तुम्ही ग्वाल्हेरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतंत. म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षी कॉलेजने हिमालयातल्या शिबिरासाठी माझी निवड केली तेव्हा मला वाटलं, सगळ्यात जास्त आनंद तुम्हालाच होईल. मी धावतच स्वयंपाकघरात येते. आई तांदूळ निवडते आहे, तुम्ही पाटावर बसून सुपारी कातरता आहात. मी तारीख सांगते. तुम्ही आईकडे बघता, आई तुमच्याकडे. त्याच आठवड्यात आजोबांची तिथी. "डोंगर कुठे पळून जात नाही," तुम्ही म्हणता, "तिथी जाते." विषय तिथेच संपला. मी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी तुम्ही माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवलात. त्या शिबिराची सगळी वाट तुम्ही हाताने काढली होती, नद्या निळ्या, घाट तपकिरी. मी तो पाहिला आणि म्हटलं, "तुम्ही तरी कुठे गेला आहात?"  तुम्ही ताक-भात कालवलात.

तुम्ही गेलात तेव्हा ग्वाल्हेरचे काका म्हणाले होते, मुलगा नाही तर श्राद्ध मी करीन. आई म्हणाली, "कशाला? ही आहे की." तेव्हापासून ज्येष्ठ वद्य अष्टमीला मी शाळेतून छुट्टी घेते, खीर करते, भरड्याचे वडे तळते, सवाष्ण-ब्राह्मण मिळाले तर जेवायला घालते, नाही मिळाले तर समोरच्या तिवारी भैयांना बोलावते. एकदा ताप होता तरी केलं. लग्न केलं नाही, डोंगर पाहिले नाहीत, पण तुमची तिथी चुकवली नाही, हे मी लोकांना जरा तोऱ्यातच सांगायची.

यंदा मी रिटायर झाले. माझ्याबरोबर शाळेतल्या आणखी दोघीजणी झाल्या, एक जवळच्या बबीना गावची आणि एक मोठ गावची. बबीनावालीचे यजमान फौजेत होते. त्यांची पोस्टिंग वर हिमालयात लाहौलकडे असायची आणि ही इकडे एकटी, तेव्हा तिला तो मुलूख एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. मोठवालीला फक्त झाशीच्या उन्हातून पळायचं होतं. ठरलं, जूनच्या शेवटी तिघींनी जायचं, नदीकाठी तंबूत राहायचं, चार दिवस फोन नाही की घर नाही. तिकिटं काढायच्या आधी मी तुमची तिथी बघायला बसले. आई होती तोवर तिला पंचांगसुद्धा लागत नसे. नंतर पुण्याहून आत्तेभाऊ मराठी पंचांग पाठवायचा, तोही यंदा मुलाकडे परदेशी निघून गेला. म्हणून मी मोबाइलमध्ये पाहिलं. ज्येष्ठ कृष्ण अष्टमी, मे महिन्यात. जरा लवकर वाटली, पण म्हटलं अधिक महिन्याचा काहीतरी घोळ असेल. मे महिन्यातल्या त्या आगीत घाम पुसत मी खीर केली, वडे तळले, तिवारी भैयांना वाढलं आणि मोकळी झाले.

मग निघायच्या दोन दिवस आधी सकाळी दूध आणायला प्रेम नगरात गेले, तर आपल्या जोशीकाकू नऊवारी नेसून, हातात सुताची गुंडी घेऊन वडाकडे निघालेल्या. इथल्या बायका बरगद पुजतात अमावास्येला, तो पुजून पंधरा दिवस झाले होते. पौर्णिमेला वड पुजणाऱ्या आता इथे चार-सहाच उरल्या, त्यातल्या ह्या एक. मी म्हटलं, "काकू, आज?" त्या म्हणाल्या, "आज ज्येष्ठी पौर्णिमा, विसरलीस?" दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. आज आपल्या ज्येष्ठातली पौर्णिमा, म्हणजे आपला ज्येष्ठ वद्य उद्यापासून. इथल्या सगळ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे त्यांचा ज्येष्ठातला कृष्णपक्ष आपल्याआधी महिनाभर येऊन जातो, आणि मोबाइलने तोच दाखवला होता. हे तुम्ही मला किती वेळा शिकवलं होतंत. अडीचशे वर्षं आपली माणसं ह्या गावात राहिली आणि एवढी एक गोष्ट सांभाळून राहिली, ती माझ्या हातून गेली. खरी अष्टमी येत होती ती आम्ही तंबूत असू तेव्हा.

मी दोघींना फोन लावला, म्हटलं माझं रद्द करा. बबीनावाली म्हणाली, "पिताजी का काम तो हो गया न? समझो पहले हो गया।" मोठवाली म्हणाली, "काए जिज्जी, पितर का कलेंडर देख कें आउत हैं?" दोघींवर मी चिडले. दिवसभर घरात येरझारा घातल्या. एकदा वाटायचं, राहावं. एकदा वाटायचं, आता नाही गेले तर गुडघे पुन्हा जाऊ देणार नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही मला थांबवलंत, यंदा थांबवायला कोणी नव्हतं, आणि तरी मीच माझी वाट अडवून बसले होते. संध्याकाळी स्वतःशी तडजोड केली. जायचं, पण तिथी तिथेच करायची. डब्यात वड्यांचं पीठ, मूठभर तांदूळ, काळे तीळ, दर्भाच्या चार काड्या घेतल्या आणि गाडीत बसले.

अण्णा, ते कसं आहे सांगू? झाशीत सेहेचाळीस डिग्री सोडून आलो आणि तिथे मी स्वेटरवर स्वेटर घालून बसले होते. नदी दुधाळ करड्या रंगाची, एवढा आवाज करते की बोलायचं तर ओरडावं लागतं. झाड म्हणून नाही, नुसतं गवत, त्यात बारीक पिवळी फुलं, आणि पलीकडे बर्फ. उजेड आठ वाजेपर्यंत जात नाही. तंबूवाल्या बाई तिथल्याच, आमच्याच वयाच्या, त्यांना आमची फार करमणूक वाटायची. पहिल्या दिवशी मोठवालीने पाण्यात पाय घातला आणि जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. बबीनावाली एका उंच वाटेकडे बघत बसायची. मग तीच उठून आम्हाला चालायला काढायची.

अष्टमीच्या दिवशी सकाळी आम्ही वरच्या बर्फापर्यंत गेलो. उतार गुळगुळीत होता. बबीनावालीने प्लास्टिकचं पोतं काढलं, त्यावर बसली आणि सरळ खाली. मग मोठवाली. मग मी. साठी गाठलेल्या तीन मास्तरणी, अण्णा, पोत्यावर बसून किंचाळत घसरत होत्या. मी पाच वेळा गेले. चौथ्या वेळी उलथून पडले आणि नाकातोंडात बर्फ गेला. इतकं हसले की पोटाला पीळ पडला. ओल्याचिंब, भुकेल्या अशा परत आलो. मी तंबूत कपडे बदलत होते तेवढ्यात बाहेर तेलाचा वास सुटला. मोठवालीला माझ्या पिशवीत पीठ सापडलं होतं. तंबूवाल्या बाईंच्या स्टोव्हवर वडे फुगत होते. "जिज्जी, तुमाओ आटो बड़ो नोनो है," ती पिठाला नावाजत म्हणाली आणि माझ्या हातात ताटली दिली. मी सात खाल्ले. आठवा अर्धा केला.

चहा पिताना बबीनावालीने सहज विचारलं, "दीदी, आपकी अष्टमी कब है?" "आज," मी म्हटलं. ताटलीत तेव्हा फक्त तेल होतं. दोघींचे चेहरे उतरले, मोठवालीचे तर डोळे भरले. मी उठले, नदीवर हात धुतले. दक्षिण कुठली ते तंबूवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी खालच्या दरीकडे बोट दाखवलं. तिकडेच कुठेतरी झाशी. तीळ ओंजळीत घेऊन तुमचं नाव, गोत्र म्हटलं आणि पाणी सोडलं. पाणी इतकं गार की बोटं मिटेनात. कावळा नव्हताच. पिवळ्या चोचीचा एक काळा पक्षी आला आणि मोठवालीच्या हातातली खारी मठरी पळवून गेला. "लो, खा गए पिताजी," ती रडता रडता म्हणाली, आणि पुन्हा तिघी हसत सुटलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. त्या दोघी फार हळहळत होत्या, म्हणून मी त्यांना म्हटलं की मला सकाळपासून तिथी आठवत होती, त्यांची मजा घालवू नये म्हणून गप्प राहिले. ते खोटं होतं. सकाळी उठल्यापासून तो चहा हातात येईपर्यंत तुम्ही माझ्या मनात एकदाही आला नव्हतात. इतका चांगला दिवस, अण्णा, मला किती वर्षांत मिळाला नव्हता.