‘इतर’पुढची रिकामी ओळ

प्रिय तियामिके,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नाताळच्या सुटीत शाळेतून गावी जाणार नाही, आईसमोर बसायचं नाही, असं तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. आणि खाली विचारलंस, ‘मामा, माझ्या फाइलीतलं अक्षर तुमचंच आहे ना? आईने नकार दिला असं लिहिलंय, ते खरं का?’ प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्यायला हवं. पण आज डोकं नुसतं भणभणतंय, ते आधी थोडं रिकामं करू दे. तू चौदाची झालीस, मामाची कुरकुर ऐकून घ्यायच्या वयाची. ऐकून म्हणजे वाचून. पाच वर्षं झाली तरी हा शब्द माझ्या हातून सुटतोच, रागावू नकोस.

आज मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर तीन-तीन मुलं आहेत. हातमोजे सोमवारी संपले. ऑक्सिजनचं यंत्र एकच चालतं, त्याची नळी दोन मुलांत वाटून दिली होती, आणि दहा वाजता वीज गेली. जनरेटर आहे, पण तो अभ्यासवाल्यांचा. तुला आठवत असेल, वॉर्डाच्या टोकाला निळ्या दाराची खोली आहे. तिथे परदेशी विद्यापीठाचा मेंदूज्वराचा अभ्यास चालतो. मी इथे आल्यापासूनचा हा तिसरा. वीज गेली की त्या खोलीतला फ्रिज चालतो आणि आमचं यंत्र थांबतं. रक्ताचे नमुने थंडगार आणि मुलं घामाघूम. मी जाऊन भांडलो, तर तिथल्या टेबलामागे बसणारी सिस्टर म्वाले शांतपणे म्हणाली, “डॉक्टर लामेक, नमुना नासला तर मला परदेशातून फोन येतो. मूल दगावलं तर कुणाचा फोन येतो, सांगा ना.” बाई वाईट नाही. थोड्या वेळाने तिनेच खिडकीतून वायर टाकून आमचं यंत्र जोडून दिलं, आणि वर बजावलं, “कुणी विचारलं तर उंदराने ओढून नेली म्हणायचं.” तीन वर्षांचं शिक्षण घेतलेला मी साधा क्लिनिकल ऑफिसर. पण खरा डॉक्टर जिल्ह्यात एकच, आणि तो कायम राजधानीत, लिलोंग्वेला मीटिंगला. मग मीच डॉक्टर.

त्यात डोंगराकडून एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मान लाकडासारखी ताठ. पाठीतलं पाणी लगेच काढून तपासायला हवं होतं. बाई म्हणाली, “माझा भाऊ येऊ दे.” नवऱ्याला बाजूला घेतलं, तर तो टोपी चुरगाळत म्हणतो, “मी काय सांगणार डॉक्टर? मी त्यांच्या गावात जावई. पोरगा त्यांचा, मामाचा शब्द.” बरोबरच बोलला म्हणा. आपल्यात बापाने मूल वाढवायचं आणि मामाने ठरवायचं. तो मामा दुपारी दोनला सायकल ढकलत आला. आधी व्हरांड्यात बसून पोटभर मक्याचा न्सिमा खाल्ला, हात धुतले आणि मग मला विचारतो, “पाठीत सुई घातलेली किती पोरं जगली?” मी ओरडलो, “तुझी वाट बघण्यात किती मेली, ते विचार!” सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. त्याचाही दोष नाही गं. शेवटच्या घटकेला आणलेल्या मुलालाच आम्ही सुई लावतो, ते जातं, आणि लोक म्हणतात सुईनेच गेलं. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलंच ते बोलतात. बरं, एवढं करून तो हो म्हणाला, तर पाणी तपासणाऱ्या अभ्यासवाल्यांच्या कागदावर मामाची सही चालत नाही. आई किंवा वडील. ज्याचा शब्द चालतो त्याची सही नको, आणि ज्यांची सही हवी त्यांचा शब्द चालत नाही. शेवटी आईचा अंगठा घेतला. सुई झाली, आता मुलगा तग धरून आहे. उद्याचं सांगत नाही.

त्या माणसावर मी ओरडलो तेव्हा सिस्टर म्वाले निळ्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. पाच वर्षांपूर्वी त्या टेबलामागे तीच होती.

तू नऊ वर्षांची होतीस. बुधवारी तुला ताप आणि झटके. एस्नाटने, तुझ्या आईने, तुला पाठीशी बांधून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आणलं, मग मिनिबस. भाऊ रुग्णालयात आहे या भरवशावर. आणि भाऊ तेव्हा सरोवराकाठच्या हॉटेलात, प्रशिक्षणाला. दुपारी तळलेला चांबो मासा, संध्याकाळी गार वारा. प्रशिक्षण कशाचं म्हणशील? लोक आजारी मुलांना उपचाराला उशीर का करतात, याचं. शुक्रवारी मला त्यावर भाषण करायचं होतं. मित्राचा टाय मागून नेला होता.

त्या आठवड्यात वॉर्डातलं मेंदूज्वराचं इंजेक्शन संपलेलं होतं. निळ्या दाराच्या कपाटात भरपूर होतं, पण ज्याच्या पाठीतलं पाणी तपासलं, त्यालाच मिळायचं. पाणी काढल्याशिवाय इंजेक्शन नाही. तुला नुसतं मलेरियाचं सलाईन लावून ठेवलं. मी शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. अर्ध्या तासात सुई लागली, इंजेक्शन सुरू झालं, आणि तू वाचलीस. अभ्यासाच्या परदेशी पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. तिसऱ्या आठवड्यात तू खाटेवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होतीस. मी मागून हाक मारली. वळली नाहीस. मग मी स्टीलचा ट्रे मुद्दाम फरशीवर टाकला. सगळी मुलं दचकली. तू सोलतच राहिलीस.

त्यानंतर अभ्यासाचा तो फॉर्म भरायचा होता. ‘उशिराचं कारण.’ खाली चौकोन: लांबचा रस्ता, वैदूकडे गेले, आईचा नकार, वडिलांचा नकार, इतर. मी ‘आईचा नकार’वर खूण केली आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, जे तू वाचलंस. तुझ्या कर्णबधिरांच्या शाळेला कागद लागले तेव्हा त्या फॉर्मची प्रत फाइलीत गेली. एस्नाटला वाचता येत नाही. तिने ती फाइल छातीशी धरून तुझ्या शाळेपर्यंत नेली. ‘इतर’च्या पुढे एक अख्खी रिकामी ओळ होती, तियामिके. तिच्यात माझं नाव सहज मावलं असतं.

आणि तुझ्या एकटीचा फॉर्म असता तरी एक वेळ. मामाची वाट बघणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे मी तीच खूण केली आहे, कारण मामासाठी चौकोनच नव्हता आणि मला घाई असायची. त्या सगळ्या खुणा मोजून मोठा अहवाल निघाला. आता रुग्णालयाच्या भिंतीभिंतीवर चित्र आहे, मूल पाठीला बांधलेली बाई आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘आई, उशीर करू नकोस.’ रोज सकाळी मी त्याच्यासमोरून जातो. फाडून टाकावंसं वाटतं. पण फाडायला गेलो तर आधी माझीच बोटं मोडायला हवीत.

तुझं पत्र वाचून परवा मी निळ्या दाराच्या खोलीत गेलो. म्हटलं, पाच वर्षांपूर्वीच्या एका फॉर्ममधलं कारण चुकलंय, दुरुस्त करायचंय. सिस्टर म्वाले म्हणाली, “तो अभ्यास संपला, फाइली बंद करून जहाजाने परदेशी गेल्या. आणि डॉक्टर, चूक तुम्हाला आज कळली की तेव्हाच माहीत होती?” मी दाराकडे वळलो. ती म्हणाली, “मग इथे काय दुरुस्त करता? जिथे लागलंय तिथे करा.” बाईची जीभ म्हणजे कोयता आहे. पण खोटं बोलत नाही.

म्हणून हे पत्र. त्या बुधवारी दुपारी, मी हॉटेलात असताना, एस्नाटचा फोन आला होता. म्हणाली, “दादा, हे लोक पाठीत सुई घालायची म्हणतात. मला वाटतं घालू द्यावी. पोर ओळख दाखवत नाही. तू सांग, मी अंगठा देते.” मी म्हणालो, “मी येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. ती शिकाऊ पोरं काहीतरी करून बसतील.” तिने गुरुवारी दोनदा विचारलं. दोनदा मी तेच सांगितलं. शिकाऊ पोरांची भीती थोडी खरी होती. पण निघालो असतो तर बुधवारी रात्रीच पोचलो असतो. मला ते भाषण करायचं होतं. तुझ्या आईने नकार दिला नव्हता. ती हो म्हणाली होती आणि माझ्या होकाराची वाट बघत बसली होती. त्यानंतर गावाने तिला बोल लावले, तू लावलेस, पण तिने भावाचं नाव घेतलं नाही. मीही तिच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. सुटीत घरी जा. तुला ऐकू येत नसलं तरी तुझा आवाज शाबूत आहे. हे पत्र आईला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखव, काही गाळू नकोस. सुटीतल्या पहिल्या शनिवारी मी येईन आणि बाहेर आंब्याखाली बसेन. मला आत घ्यायचं की आल्या वाटेने परत पाठवायचं, ते एस्नाट ठरवेल. तिला म्हणावं, त्यासाठी कुणाला विचारायचं नाही.

तुझाच,
लामेकमामा