गार राख

१४ नोव्हेंबर १९११
दुपारचे सव्वाचार

प्रिय ताई,

आत्ताच संपादकांनी माझ्यापुढे माफीनामा ठेवला. मी तो दोनदा वाचला, त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि सही न करता परत दिला. ते ओरडले, "चौथी नापास पोराला बातमीदार केलं, तर डोक्यावर बसतोस?" मी दोन पावलं मागे सरकलो. पण नाही म्हणजे नाही.

भावोजींच्या कंदिलाने वखार पेटली आणि चारशे गाठी कापूस जळाला, असं आमच्याच वर्तमानपत्रात छापून आलं, आणि पोलिसांनी त्यांना वखारीच्या पहाऱ्यावरूनच उचललं होतं. तेव्हा तू विचारलंस, "हे तुला तरी पटतं का रे?" मी नुसतं "बघतो" म्हणालो, कारण मला खात्री करायची होती. आता झाली आहे.

आगीनंतर सकाळी मी वखारीत गेलो होतो. छप्पर कोसळलेलं, खांबांचा कोळसा झालेला. पाऊल टाकण्याआधी जागा हाताने चाचपायची माझी खोड तुला माहीत आहे. तशी चाचपत पार मधोमध पोचलो, तरी एकदाही चटका बसला नाही. राख गार होती. मला आबांची गादी आठवली. तिच्यावर ठिणगी पडली, आबांनी दोन बादल्या पाणी ओतलं, विझली म्हणून अंगणात टाकली, आणि तिसऱ्या दिवशीही ती आतून धुमसत होती. आई म्हणाली होती, "ही गादी आहे की तुमचा राग?"

एका गादीचं असं, तर चारशे गाठींचं काय? बंबवाल्याला विचारलं, तर तो हसत सुटला. "अहो, आत कापूस असता तर आम्ही आठवडाभर इथेच जेवलो असतो!" म्हणजे आग लागली तेव्हा वखार रिकामी होती. मग मी वखारीचा माल वाहणाऱ्या गाडीवाल्यांचा पिच्छा पुरवला. एकाने बंदराजवळचं गोदाम दाखवलं. वखारीच्या मालकाचा शिक्का मारलेल्या गाठी तिथे मी स्वतः पाहिल्या. माल विकायचा, वर विमाही घ्यायचा, आणि अडकवायला एक पहारेकरी.

मी विचारपूस करतोय हे मालकाच्या कानावर गेलं, म्हणून हा माफीनामा. त्याच्या जाहिरातींवर आमचं वर्तमानपत्र चालतं. मी बातमी पलीकडच्या गल्लीतल्या छोट्या छापखान्याला दिली आहे, माझ्या नावासकट. उद्या सकाळी ती निघेल. बंबवाला आणि गाडीवाला कोर्टात बोलायला तयार आहेत. नोकरी गेली माझी. जाऊ दे.

हे पत्र घाईने माणसाबरोबर पाठवतोय, कारण संध्याकाळी मालकाचा कारकून तुझ्याकडे येणार आहे. संपादकांच्याच तोंडून ते निसटलं. भावोजी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, हे त्या लोकांनी हेरलंय. "बाई, नवऱ्याला चूक कबूल करायला सांगा, महिन्याभरात घरी येईल," असं तो गोड बोलेल. मुलं बापासाठी रडतात, घरात पीठ सरलंय, मला सगळं दिसतं. तरी हो म्हणू नकोस. भावोजींनी एकदा कबुली दिली की माझी बातमी कोणी वाचणार नाही. दार लावून बसू नकोस, सताड उघड. आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांग, आधी जळलेला कापूस दाखवा, मग कबुली मागा.

तुझाच,
घाबरट भाऊ