बारा पावलांचा प्लॉट

७ जानेवारी १९७८, शनिवार

घेतलं मला! गोविंदाने टीममध्ये घेतलं. नंदनवन वस्तीच्या पुढे त्याचं लेआउट पडलं आहे. तिथले प्लॉट गिऱ्हाइकांना दाखवायचे आणि विकायचे. टीम म्हणजे तिघं. गोविंदा मुख्य, शामला लिहापढीची, धोंडबा खुंट्या ठोकणारा. चौथा मी — वय सासष्ट, शिक्षण चौथी.

"पाच रविवार पाहतो, बाबाजी," गोविंदा म्हणाला. "जमलं तर पक्के. नाही तर घरी आराम." गिऱ्हाईक सुट्टीच्या दिवशीच येतं, म्हणून रविवार मोजायचे.

रविंद्रचं तोंड वाकडं. "बाबा, काहून ही दगदग? बसा ना निवांत." पोराला कसं सांगू? सहा वर्षं निवांतच बसलो आहे. आता सून केर काढते तेव्हा मला वळसा घालून काढते, खाटेला घालावा तसा.

जमेल का पण? बोलायचं काय गिऱ्हाइकाशी?

८ जानेवारी, रविवार

पहिला रविवार वाया. नऊ माणसं आली, मी एकाशीही बोललो नाही. हात बांधून उभा. मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी ओढली, साहेबापुढे उभं राहायची तीच सवय.

धोंडबा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबाजी, गिऱ्हाईक हाये, तहसीलदार नाही! हात तरी सोडा!"

शामला मात्र बरी पोरगी. तिने ही वही दिली. रोज कोण आलं, काय बोललं ते लिहा म्हणाली. कोणी बोललंच नाही तर काय लिहू? म्हणून हे लिहितो.

११ जानेवारी

चार वेळा आरशापुढे बोलून पाहिलं — "या, बसा, हा प्लॉट पूर्वमुखी आहे." रविंद्रच्या आईने ऐकलं. दिवसभर हसत होती.

१५ जानेवारी, रविवार

सत्यानाश केला मी.

कौसल्याबाई म्हणून एक नर्सबाई आल्या, एकट्या. नऊ नंबरचा प्लॉट आवडला त्यांना. तीस फूट रुंद, पन्नास खोल. गोविंदा बोलत होता, बाई मान हलवत होत्या, आणि माझे पाय आपोआप चालायला लागले! जुनी सवय. माझं पाऊल अडीच फुटांचं. तीस फुटाला बारा पावलं, कधी चुकलं नाही. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत गेलो, तर अकराच पावलं आणि वर थोडं.

तोंडातून निघून गेलं, "बाई, हा प्लॉट दोन फूट कमी भरतो!"

गोविंदाचा चेहरा पडला. त्याने कापडी टेप मागवला. धोंडबाने कडी खुंटीला अडकवली, गोविंदाने टोकाचा आकडा बाईंना दाखवला. तीस. बरोबर तीस!

"बाबाजीचे पाय रिटायर झाले!" धोंडबा म्हणाला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. विचार करते म्हणाल्या आणि रिक्षात बसून गेल्या.

गोविंदा ओरडला नाही. हळू बोलला, तेच जास्त लागलं. "पुन्हा असं झालं तर पाच रविवार थांबणार नाही मी."

१७ जानेवारी

सकाळ-संध्याकाळ सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी चालतो. एक, दोन, तीन. पाऊल वळणावर येईल का?

रविंद्रची आई म्हणते, "काहून जी, तळ्याले चकरा मारून राहिले? हरवलं का काही?" हरवलंच म्हणायचं!

१९ जानेवारी

आज तळ्याकाठी मधेच थांबलो. अरे! म्हातारपणी पाऊल आखूड होतं. आखूड झालं तर पावलं जास्त पडतील — तेरा, चौदा. माझी तर कमी पडली! या वयात माझं पाऊल लांबलं की काय? असं कुठे होतं का?

मग चूक कोणाची? उगाच मनाचे खेळ असतील तर?

२० जानेवारी

जुन्या कचेरीत गेलो. नानाजी माझ्यासोबत साखळी ओढायचा, तो अजून नोकरीत आहे. "काय गा लहानू, पेन्शन बंद झाली का?" म्हणून थट्टा सुरू. मी सांगितल्यावर त्याने मागच्या अंगणात शंभर फुटांची साखळी ताणून टाकली. "चाल," म्हणाला.

चाललो. चाळीस पावलं. ना एक कमी, ना एक जास्त!

"पाय तं तसेच हायेत तुये," नानाजी म्हणाला. "त्याईचा टेप पाह्य जरा."

२२ जानेवारी, रविवार

पाहिला टेप. सगळे चहा पीत होते तेव्हा. कडी जाड काळ्या दोऱ्याने शिवलेली आहे. आणि कडीनंतरचा पहिला आकडा एक नाही, दोन नाही — सरळ तीन! सुरुवातीचे दोन फूट गायब. पुढचं कापड फाटलं असेल, ते कापून कडी पुन्हा लावली. मोजताना सगळे लांबच्या टोकाचा आकडा वाचतात, कडीकडे कोण बघतो? याच टेपाने सगळ्या खुंट्या ठोकल्या. सगळेच प्लॉट दोन-दोन फूट आखूड!

आता कळलं, दहा प्लॉटच्या ओळीला नकाशात नसलेली वीस फुटांची पट्टी का उरते. धोंडबा तिला "बोनस" म्हणतो.

आणि मी बोललो नाही. आज दोन प्लॉट बुक झाले, गोविंदा खुशीत होता. पुन्हा तोंड उघडलं आणि हसं झालं तर टीम गेली. एका गिऱ्हाइकाने, साध्या शिक्षकाने, जाताना माझा हात हातात घेतला. "बाबा, आयुष्याची जागा झाली." मी मान खाली घातली.

२५ जानेवारी

जेवण जात नाही. रविंद्रची आई म्हणाली, "एवढंच भेव हाये तं सोडून द्या ना जी." सोडायचं नाही, तेच तर आहे. पण त्या शिक्षकाचं तोंड डोळ्यापुढून हलत नाही.

२९ जानेवारी, रविवार

सांगितलं! गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी गेलो. टेप गोविंदाच्या हातात दिला, कडी दाखवली, मागच्या रविवारीच दिसल्याचंही सांगितलं.

त्याने कडी उलटून-पालटून पाहिली, त्या तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं. धोंडबाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "कडी म्याच शिवली," म्हणाला. "मले काय मालूम..."

"मागच्या रविवारीच काहून नाही सांगितलं, बाबाजी?"

"भेव वाटलं. काढून टाकशील म्हणून."

गोविंदा उठला. बाहेर गेला, सिगारेट ओढली, परत आला. मी छत्री घेऊन निघायच्या तयारीत. तेवढ्यात माणसं यायला लागली. आणि त्याने सगळ्यांसमोर काय म्हणावं! "मंडळी, आमच्याकडून मोजण्यात चूक झाली. सगळे प्लॉट नव्याने मोजून राहिलो. बुक केले त्याईचेही दोन-दोन फूट वाढतील. आमच्या टीममध्ये सरकारी मोजणीचा माणूस हाये, त्यानं पकडली." आणि माझ्याकडे बोट!

मी पुन्हा हात बांधून उभा. धोंडबा या वेळी काही बोलला नाही.

५ फेब्रुवारी

नवा पोलादी टेप आला. सकाळपासून खुंट्या उपटतो आहोत आणि ठोकतो आहोत. ती उरलेली वीस फुटांची पट्टी बरोबर संपली, नकाशाला जमीन जुळली! तो शिक्षकही येऊन पाहून गेला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा कुठे जेवण गेलं.

शामलाने निरोप धाडला होता, म्हणून दुपारी कौसल्याबाईही आल्या. नऊ नंबरपाशी उभ्या राहिल्या. "टेप राहू द्या. बाबा, तुम्ही चाला."

चाललो. बारा!

बाईंनी तिथेच, पर्सवर कागद ठेवून सही केली. दिवसभरात अकरा माणसांशी बोललो. अकरा! कंबर मोडली आहे, पडतो आता.

६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातलाच धोंडबा दारात. चपला काढून उभा, हात बांधून. "बाबाजी, मले चालणं शिकवा." आत ये म्हटलं, चहा टाकायला सांगितला. तो गेल्यावर रविंद्रच्या आईने विचारलं, "अजी, त्या पाच रविवाराचं काय झालं?"

पाचवा कालच होता. मी मोजायचाच विसरलो!