कुरुंदाचे तळहात

मेलबर्न, २ सप्टेंबर १९९९

ती. कालिरोईताईस,
धाकट्या स्तामातिसचा शि. सा. न. वि. वि.

चीजचा डबा पोचला. पोस्टमनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात बकरी पाळलीय. अर्धा डबा मी उभ्याउभ्याच संपवला. तुझी भावजय आर्गिरो म्हणाली, नॅक्सोसला जायचं नाव काढत नाही, चीज मात्र तिथलंच हवं!

तुझी भाची झाम्बेता बारा वर्षांची झाली आणि शाळेच्या शर्यतीत पहिली आली. नोव्हेंबरात मोठी शर्यत आहे. तिच्या लोकरी केसांपुढे सगळे कंगवे हरले, म्हणून आर्गिरोने ते कापले. एक बट सोबत घातली आहे. आणि तळहात तर आपल्या बाबांसारखे, कुरुंदाच्या खाणीत वीस वर्षं घालवल्यासारखे जाड! मी तिला खाणवाली म्हणतो, ती चिडते. आपल्या याकोवोसदादालाही सगळे असंच म्हणायचे, आठवतं?

तुझी माया अशीच डब्यातून येत राहो.
तुझा स्तामातिस


नॅक्सोस (ग्रीस), १५ सप्टेंबर

चि. स्तामातिसला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी याकोवोसचं बोलत असताना तू धाडकन रिसीव्हर ठेवलास. लहानपणी कानात बोटं घालायचास, तसंच. पत्र तरी शेवटपर्यंत वाच.

याकोवोस गेल्यावर आईने त्याची बट देवघरातल्या पानागियाच्या, मेरीमातेच्या, तसबिरीमागे ठेवली होती. झाम्बेताची बट मी तिच्याशेजारी ठेवली आणि पुन्हा उचलताना कुठली कोणाची ते मला कळेना.

बाबांचे तळहात कुरुंदाने झाले होते, हे खरं. याकोवोसचेही खाणीनेच झाले असं आपण धरून चाललो. पण तुझ्या मुलीने कुरुंद कधी पाहिलाय का? इथे दवाखान्यात एक हृदयाचे डॉक्टर येतात. त्यांनी मला समजावलं, की असे केस, असे तळहात आणि हृदयाचे दुबळे स्नायू आपल्या बेटावरच्या काही घराण्यांत एकत्र उतरतात. आई आणि बाप, दोघांकडूनही तो दोष आला तरच मूल आजारी पडतं. दोघं स्वतः मात्र ठणठणीत असतात. तू जगाच्या टोकाला गेलास आणि बायको केलीस ती आपल्याच शेजारच्या गावातून तिकडे गेलेल्या आजोबांची नात!

डॉक्टरांनी तपासेपर्यंत पोरीला पळू देऊ नकोस. हात जोडते.

रागावलास तरी मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी ताई


मेलबर्न, ३० सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

आधी तुझा फार राग आला. माझी पोर वाऱ्यासारखी धावते आणि तू बटा जुळवत बसलीस, असं वाटलं. पण रात्रभर तिचे तळहातच डोळ्यांपुढे येत होते. सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आणि शर्यतीतून नाव काढलं. तिने बूट भिंतीवर फेकले, माझ्याशी बोलत नाही.

फोन का ठेवला ते आज सांगतो. पंधरा ऑगस्टच्या जत्रेत याकोवोस चर्चच्या भिंतीवर बसला होता. छातीत कबूतर फडफडतंय, असं म्हणत होता. मी हसलो, त्याला म्हातारा म्हणालो आणि हात धरून पुन्हा नाचाच्या रांगेत ओढला. तिसऱ्या फेरीत तो माझ्याच हातातून निसटून पडला. तो एकोणीस वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षं झाली ताई, मी त्याला मारलं म्हणून गावी येत नाही. तुमचे डॉक्टर खरे असतील, तर मी मारलंच ना?

माझ्यावरची माया आटली असेल तर तसं स्पष्ट लिही.
स्तामातिस


नॅक्सोस, १२ ऑक्टोबर

माझ्या वेड्या भावाला पोटभर आशीर्वाद.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाचाने निमित्त झालं असेल, पण दुखणं त्याने जन्मतःच आणलं होतं आणि तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या तुला तर नाहीच नाही.

आणि ऐक. त्या सकाळी मी त्याला पाण्याच्या दोन घागरी चढावरून आणायला लावल्या होत्या. इतकी वर्षं मी त्या घागरींना हात लावलेला नाही. आईला वाटायचं, आपण जत्रेआधीचे उपास करायला लावले, त्यानेच पोर खचलं. मरेपर्यंत ती तेच मनाशी धरून होती. एका घरात तिघं अपराधी, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही! हे लिहिताना मी भरपूर रडले. तूही एकदा रडून घे.

पोरीची खबर लगेच कळव. माया आटायला मी काय ऑगस्टातली विहीर आहे?
तुझीच ताई


मेलबर्न, २० नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. दुखणं तेच आहे. पण वेळेवर सापडलं असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. ठोका बिघडला तर ते झटका देऊन सावरतं. धावणं मात्र कायमचं बंद. यंत्र बसवलं त्या दिवशी ती माझ्याशी बोलली. याकोवोसकाका कसा होता, एवढंच विचारलं. मी बोलत बसलो, तिची आई जेवायला हाका मारून थकली.

आता तिला ऑगस्टात जत्रा बघायची आहे. डॉक्टर म्हणतात, चालल्यासारखं हळू नाचायला हरकत नाही. शाळेत मुली तिचा हात धरायला कचरतात, म्हणून रांगेत आपला हात कोण धरणार याची तिला काळजी. मी सांगितलं, एक हात माझा, दुसरा आत्याचा.

तिकिटं काढली आहेत, तिघांची. आणि ताई, नाचताना ती दमले म्हणाली, तर या खेपेला मी तिला ओढणार नाही. भिंतीवर तिच्याशेजारी जाऊन बसेन.

भेटेपर्यंत माया जपून ठेव, उरलेली तिथे येऊन घेऊ.
तुझा स्तामातिस