लाल अक्षरांची बटणं

झ्रेन्यानिन,
संत लुकाच्या सणानंतरचा दुसरा दिवस

प्रिय ल्युबिसाव,

तीर्थरूप लिहावं तर तू माझ्याहून लहान, आणि चिरंजीव लिहावं तर तुझं टक्कल माझ्या टकलाला वडीलधारं. तेव्हा नुसताच नमस्कार घे. गुडघा काय म्हणतो? लिंझची थंडी सोसते ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी. तुझी बहीण विदाही खुशालच असावी, पण छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण सणाच्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काही हवं असलं की मांजराला सांगते. ‘त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव.’ मांजर माझ्याकडे बघतं, मी मीठ सरकवतो. असा आमचा संसार चालला आहे. तू तिचीच बाजू घेणार हे मला ठाऊक आहे, मेहुणा झाला तरी शेवटी बहिणीचा भाऊच. पण आधी माझं ऐकून घे.

गोष्ट आपल्या संगणकाची. शाळा संपली त्या वर्षी मासिकातला आराखडा समोर ठेवून आपण दोघांनी तुमच्या पोटमाळ्यावर जुळवला होता, तोच. पेटी तुमच्या वडिलांच्या जुन्या रेडिओची (त्यांना न विचारता घेतलेली), आणि बटणं मोडीत निघालेल्या कुठल्याशा यंत्राची, अक्षरं नसलेली, कोरी. मग विदाने आपल्या नखांच्या लाल पॉलिशने त्यांच्यावर एकेक अक्षर काढलं. (त्या कामात अख्खा वसंत गेला. मी बटणं घेऊन खाली तिच्याकडे जायचो आणि तू वर बसून हात चोळत होतास. ‘तुझ्यापेक्षा गोगलगायीला पाठवलं असतं तर बटणं लवकर आली असती,’ म्हणायचास. असो, ते आता कशाला उकरायचं?) तर तो संगणक इतकी वर्षं आमच्या कोठीत, लोणच्याच्या मिरच्यांच्या बरण्यांमागे पडून होता. या उन्हाळ्यात मी तो बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. मांडला तो मांडलाच. विदाने पंधरा दिवस पाहिलं आणि मग फर्मान काढलं, की घराण्याच्या संताच्या सणाला पाहुणे या टेबलावर जेवणार, माझ्या डोक्यावर नाही. सणाआधी चालू झाला तर त्याला खोलीत मानाची जागा, नाहीतर भंगारवाला. आमच्या गल्लीत भंगारवाल्याची गाडी रोज सकाळी भोंग्यावर ओरडत जाते हे तुला माहीत आहे. भोंगा ऐकू आला की ती खिडकी उघडायची आणि नुसती माझ्याकडे बघायची.

मी पण इरेला पेटलो. उघडून पाहतो तर कपॅसिटर पावट्यासारखे फुगलेले, दोन तर गळून पार चिकट झालेले. ते सगळे बदलले. (टेबलक्लॉथला सोल्डरचं एक भोक पडलं. त्यावर मी फुलदाणी ठेवली आहे, तू काही बोलू नकोस.) पहिल्यांदा वीज दिली तेव्हा संगणक सोडून बाकी सगळं बंद पडलं. अख्खा जिना काळोखात गेला आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल लिफ्टमध्ये अडकले. ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण तसे ते आधीही बोलत नव्हते. मग नव्या टीव्हीला जोडता यावा म्हणून आतून वेगळी तार काढली, दोनदा उलटी जोडली, तिसऱ्यांदा सुलटी. आणि ल्युबा, पडद्यावर तो एकच शब्द उमटला: तयार! मी इतक्या जोरात ओरडलो की विदा पिठाच्या हातांनी धावत आली. आली आणि हसली. हात पुसून तिने त्या बटणांवरून एक बोट हळूच फिरवलं. मला वाटलं, धूळ बघते आहे.

तिथेच घात झाला. मी बटणांकडे नीट पाहिलं तर ती पिवळी पडलेली, जुन्या सिगारेटवाल्याच्या दातांसारखी. सणाला सगळं गाव घरात येणार, संगणक मानाच्या जागी बसणार आणि तोंड असं? छे! या छंदातल्या लोकांकडे त्यावर जालीम उपाय आहे. केस सोनेरी करायचं कडक मलम फासायचं, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मी खालच्या स्मिल्या नावाच्या पोरीच्या केशकर्तनालयात गेलो आणि सगळ्यात जहाल मलमाचा डबा मागितला. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्या टकलाकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाली, ‘काका, आता उशीर झाला हो.’ खुर्चीतल्या दोन बायका इतक्या हसल्या की एकीचा कान भाजला. तरी मी मलम आणलंच. ऊन पण असं पडलं होतं, जणू ऑगस्टच परत आला. संध्याकाळी गुंडाळ्या सोडल्या आणि बघतच राहिलो. पांढरीशुभ्र! बर्फासारखी! वर लाल लाल पापुद्रे सुटले होते, ते मी ब्रशने घासून साफ करून टाकले. (इथे तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. मला तेव्हा पडली नाही. यंत्राला काय, बटणावर अक्षर असो नसो, त्याला सगळं कळतं.) धुतलेली बटणं सुकायला एका चिनी मातीच्या वाडग्यात ठेवली आणि निश्चिंत झोपलो.

सणाच्या सकाळी तुमची दारिंका आत्या मदतीला आली. ती चष्मा घरी विसरली होती, पण उत्साह सगळा बरोबर घेऊन आली होती. मी पाव आणायला गेलो तेवढ्यात तिने खोली आवरली, भांडी मांडली आणि त्या वाडग्याला चिमटा लावून तो कॉफीच्या ट्रेमध्ये ठेवला. फादर वुकाशिन आले, प्रार्थना झाली, सणाचा पाव कापला आणि ते कॉफीला बसले. त्यांना दोन खडे साखर लागते. त्यांनी दोन घातले. ढवळलं. घोट घेतला, पुन्हा ढवळलं. आणखी एक घातला. आता चमच्याचा असा खडखडाट सुरू झाला की सगळ्यांच्या माना त्यांच्या कपाकडे वळल्या. शेवटी ते फारच सभ्यपणे म्हणाले, ‘मोठी निग्रही साखर आहे तुमची.’ आत्या ठसक्यात म्हणाली, ‘हल्लीच्या भुशासारखी नाही हो, जुन्या काळची आहे!’ आणि खरं सांगू, बाई खोटं बोलली नव्हती. मग काय, चहाची गाळणी घेऊन मी पाहुण्यापाहुण्यांपुढे फिरलो आणि प्रत्येकाच्या कपातून माझी बटणं काढली. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणं चाललं होतं. विदासुद्धा हसत होती.

पाहुणे गेल्यावर ती बटणं पुसायला बसली. एक पुसलं, उलटंसुलटं केलं. दुसरं पुसलं. मग विचारलं, ‘हे कुणी केलं?’ मी छाती फुगवून म्हणालो, ‘मी! कशी लख्ख झाली आहेत बघ.’ बस, तेव्हापासून अबोला. मला आपलं वाटलं, फादरसमोर शोभा झाली म्हणून. आज सकाळी ती मांजराला म्हणाली, ‘त्याला सांग, साखरेचं मला काही नाही. माझी अक्षरं होती ती.’

मी बटणं बसवली आहेत. संगणक मानाच्या जागी आहे, चालू आहे, पांढराशुभ्र आहे. आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. तुझ्याकडून मला काही नको, नुसती खुशाली कळव.

तुझा,
रादिवोय

ता. क. ‘काही नको’ हे आपलं रीत म्हणून लिहिलं. लिंझमध्ये जुन्या संगणकांचे सुटे भाग विकणारं कुणीतरी असेलच. छापील अक्षरांची बटणं मिळाली तर ताबडतोब पाठव, शक्यतो लाल अक्षरांची. अक्षरं गेली म्हणून रुसली आहे, तर अक्षरं आणून दिली की प्रश्न मिटला. बायकांचं मन ओळखता आलं पाहिजे.

ता. क. दुसरा. पत्र कोटाच्या खिशातच राहिलं. बरं झालं. काल जेवणानंतर विदाने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि लाल पॉलिशची बाटली उघडली. मी धावत जाऊन सगळी बटणं उपटली आणि वाडगा तिच्यापुढे ठेवला. तिने तो परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली (मांजराला नाही, मला!), ‘सगळी एकदम कशाला? तेव्हा तीन-तीन आणायचास ना? तशीच आण.’ ल्युबा, तिला ठाऊक होतं! तेव्हा मी तिच्यापुढे तीनच बटणं ठेवायचो, बाकीची खिशात लपवायचो आणि वर येऊन तुला सांगायचो, पॉलिश वाळायला वेळ लागतो. मी स्वतःला केवढा शहाणा समजत होतो! ती म्हणाली, ‘अरे, पॉलिश पाच मिनिटांत वाळतं. मी कधी बोलले का?’ मला रडू आलं, सरळ सांगतो. मी तीन बटणं मोजून पुढे ठेवली आणि शेजारी बसलो. तिचा हात आता थोडा कापतो. अक्षरं वाकडी येतात. मला तर तेव्हाच्यापेक्षा चांगली वाटतात.

ता. क. तिसरा आणि खरा. छापील बटणं पाठवू नकोस. पहिला ता. क. वाचून धावत जाऊन घेतली असशील तर डॅन्यूबमध्ये टाकून दे, आणि विदाने फोनवर विचारलं तर सांग, अख्ख्या ऑस्ट्रियात मिळत नाहीत. फक्त लाल पॉलिशची एक बाटली पाठव. लवकर वाळणारं नको.