शेवंताचे हात दिसले

उमरखेड, मंगळवार संध्याकाळ

दुकानवाला म्हणे, हा फोन आता फेका. बरं झालं नाही फेकला! माही बहीण शेवंता ढाणकीले दिलेली. तिले जन्मापासून ऐकू येत नाही, आम्ही हातानंच बोलतो. या जुन्या फोनवर व्हिडिओ कॉल बंद झाला अन् आमचं बोलणंच तुटलं. आज कंपनीचं अपडेट आलं अन् व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू झाला. एवढ्या जुन्या फोनले कायले पाठवलं असंल? ज्यानं पाठवलं त्याचं भलं होवो.

लगेच कॉल लावला. तडकलेल्या काचेत शेवंता हसली, मग थबकली. हातानं विचारते, "आज बोबडी काहून बोलून राह्यली?"

सकाळी भाजी चिरताना माहं बोट कापलं, पट्टी बांधलेली. ती पट्टी घरात दिवसभर कोणालेच दिसली नव्हती.