स्वीपर या शब्दाची व्युत्पत्ती

॥ श्री ॥
मरीन परेड, सिंगापूर
मार्गशीर्ष वद्य पक्ष, ८ डिसेंबर २०१४

चि. सौ. सरोजिनीस पद्माकरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

विघ्नहर्त्याच्या कृपेने येथे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. त्याच कृपेवर भार टाकून पुढील मजकूर लिहितो. फोनवर बोललो असतो, परंतु या फ्लॅटच्या भिंती पातळ आणि सूनबाईंचे कान तीक्ष्ण.

मला रुचिरचा संशय येतो. पंचांगात हेमंत चालू असला तरी बाहेर आषाढासारखा पाऊस आहे. अशा पावसात तुझा हा भाचा दर रविवारी मी संध्येस बसण्यापूर्वीच घर सोडतो, आणि परततो तो गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. अनघा त्याचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून बाल्कनीत वाळत्या कपड्यांआड ठेवते. विचारले तेव्हा म्हणाली, ते बागेत गेले होते. कोणत्या बागेत, असे विचारताच तिला कुकरची शिट्टी ऐकू आली. मला आली नाही.

परवा तो फोनवर कोणास तरी सांगत होता की पुढे राहण्याचे दिवस संपले, आता पडेल ते काम आनंदाने करीन. जोहोरलाही जाऊन पाहून येतो. जोहोर म्हणजे पूल ओलांडून पलीकडचा मलेशिया. दुसऱ्याच दिवशी कपाटातून त्याचा पासपोर्ट नाहीसा झाला! उलगडा केला तो गार्गीने. तुझ्या या नातीच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लाह’ हे पादपूरक अव्यय असते. तिने मला बजावले की डॅडी आता स्वीपर झाला आहे, पण हे आजोबांना कळता कामा नये, लाह.

मी कोश पाहिला. झाडणारा, सफाई करणारा. सरू, पाया लेबारच्या कचेरीतील त्याची नोकरी गेली आहे, आणि नोकरीबरोबर येथे राहण्याचा पासही जातो. श्रमाची मला लाज नाही, लपवाछपवी सलते. मी विचारणार नाही. विचारले तर तो खोटे बोलेल, आणि ते पाप बोलवून घेणाऱ्याच्या माथी येईल. तू एवढेच कर, माझ्या पुण्याच्या घरातील भाडेकरूंना जागा सोडण्यास सांग. ही मंडळी परततील तेव्हा डोक्यावर छप्पर हवे.

माया आहेच, ती उणावू देऊ नये.
तुझा,
दादा

सिंगापूर, १७ डिसेंबर २०१४

ती. आत्यास सा. न.

ई-मेल करतोय, तुझा सुबोध छापून देईल. बाबांनी तुला काही लिहिलंय का? त्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय. एकभुक्त व्रत आहे म्हणतात, पण कधीपासून आणि कशासाठी, ते सांगत नाहीत. हॉकर सेंटरवर डोसा खायला चला म्हटलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाळा, उगाच खर्च कशाला. मला ‘बाळा’ ते फक्त मी तापानं फणफणलो की म्हणतात! अनघाला विचारत होते, पुण्यात कायमचं राहायला आवडेल का. तेव्हापासून ती रडकुंडीला आलीय, तिला वाटतं तिचंच काही चुकलं. मला वाटतं, त्यांना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि ते आमच्यापासून लपवतायत. तू हळूच काढून घे ना.

माझंही एक गुपित आहे. मी पुन्हा धावायला लागलोय. पाय मुरगळला तेव्हा पुन्हा धावायचं नाही अशी बाबांनी शपथ घातली होती, म्हणून सगळा मामला चोरून. जानेवारीत जोहोरच्या खेड्यांतून पन्नास किलोमीटरची शर्यत आहे, नुसता चिखल. यंदा मी स्पर्धेत नाही, मागच्यांच्या मदतीला आहे. बाबांना बोलू नकोस, प्लीज.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस),
रुचिर

पुणे, २७ डिसेंबर २०१४

ती. दादांस सरूचा शि. सा. न. वि. वि.

भाडेकरूंना मी अवाक्षर बोललेले नाही आणि बोलणारही नाही. त्यांच्या मुलीची दहावी आहे. हे तुमचे एकभुक्त व्रत कोणत्या तिथीपासून सुरू झाले, तेही माझ्या पंचांगात सापडेना. रात्री जेवत जा.

तुमच्या कोशावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत ह्यांच्या नावापुढची ‘बॅचलर’ ही पदवी वाचून, लग्नानंतर ती राहते का, असे विचारणारे तुम्हीच! सासरी अजून त्यावर हसतात. तेव्हा एक करा. रुचिर जानेवारीत जोहोरला जाईल, तेव्हा अनघाला सांगा की मलाही तिथे ने. ती कुकरकडे पळाली तर दारात आडवे उभे राहा. याहून अधिक मी सांगणार नाही. मी दोन्हीकडून शब्दाने बांधलेली आहे.

रागावलात तरी आशीर्वाद पाठवा.
तुमची,
सरू

॥ श्री ॥
मरीन परेड, सिंगापूर
पौष, १३ जानेवारी २०१५

चि. सौ. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

एकभुक्ताची वार्ता तुला कोणी पुरविली, हा संशय मनात धरूनच मी जोहोरला गेलो. अनघा पांढरीफटक पडली होती, पण घेऊन गेली. पामच्या बागांच्या कडेला एका खेड्याचे मैदान होते, आणि पाऊस असा की पाऊल टाकले की वहाण चिखलातच राहावी. अरण्यातून माणसे धावत येत होती. चिनी कोण, मलय कोण, तमिळ कोण, काही ओळखू येईना, चिखलाने सर्वांचा एकच वर्ण केला होता. मी मात्र खराटा कोणाच्या हाती आहे तेवढेच पाहत होतो. गर्दी पांगली, तंबू उतरू लागले, तरी रुचिर दिसेना. शेवटी एका मलय बाईंना विचारले की येथील स्वीपर कोठे आहेत. त्या म्हणाल्या, तो अजून रानात आहे, तो आल्याशिवाय शर्यत संपत नाही.

पुष्कळ वेळाने दोन आकृती दिसल्या. पुढे माझ्याच वयाच्या एक चिनी बाई, काठी टेकीत लंगडत. त्यांच्या एक पाऊल मागे, त्यांची पिशवी गळ्यात अडकवून, वाटेच्या खुणेच्या फिती झाडांवरून सोडवीत आपला रुचिर. रेषेपाशी तो थांबला. बाईंनी आधी ओलांडली, मग त्याने. ध्वनिक्षेपकावरून कोणी ओरडले की स्वीपर आला, आणि उरलेल्या साऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. शब्दाच्या घडणीतून निघणाऱ्या अर्थाहून रूढीने आलेला अर्थ बलवान, हे शास्त्र मी जन्मभर शिकवीत आलो. येथे सर्वांच्या मागे राहून, कोणालाही मागे न टाकता घरी आणणाऱ्यास स्वीपर म्हणतात.

मला पाहून त्याने प्रथम आपला पूर्वी मुरगळलेला पाय मागे लपविला. मी विचारले, नोकरी आहे ना रे? तो म्हणाला, आहे की, उद्या सकाळी मीटिंगही आहे, का? मी सर्व सांगितले. तो इतका हसला की घसरून चिखलात बसला. मग एकाएकी थांबला आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहत होता? धावू नकोस म्हणून घातलेली शपथ मीच मागे घेतली, आणि त्यास उठविण्यास हात दिला. त्याने मलाही खाली ओढले.

अनघेने दोघांची खरडपट्टी काढली. म्हणाली, या घरात एकटी गार्गी खरे बोलते. मग डबा उघडून दोघांच्या चिखलाच्या हातांवरच दहीभात वाढला. सूर्य मावळला होता. मी जेवलो.

जे कोणी हे वाचतील, त्यांची वाट कितीही निसरडी असो, त्यांच्या एक पाऊल मागे कोणीतरी चालत असो, आणि ते पोहोचेपर्यंत त्याने परतू नये, हा माझा सर्वांस आशीर्वाद.

दादा